पेठेबाईंच्या तीन वाट्या

पेठेबाई कोणाचं सांत्वन करत नसत. आळीत माणूस गेलं की त्या जात, कोपऱ्यात बसत आणि निघताना म्हणत, "उद्या सकाळचा चहा माझ्याकडून येईल." चहा खरोखर यायचा. मीच न्यायची. पण "सुटला बिचारा" किंवा "देवाची मर्जी" असलं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. देवाची मर्जी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "मर्जी, की नुसता योगायोग, की आपणच मारलं, हे आधी बघायला नको का?" असं त्या एकदा भर दहाव्याला बोलल्या. त्यानंतर आळीत त्यांना दहाव्याला कोणी बोलावलं नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट आहे. माझा नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथंच खोकून मेला. मूलबाळ नव्हतं. मी गाव सोडून रत्नागिरीत आले आणि झाडगावात खोली घेऊन पेठेबाईंकडे स्वयंपाकाला लागले. बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. मी कुणब्याची, त्या ब्राह्मण; त्यांनी मला चुलीपाशी घेतलं म्हणून समोरच्या जोशीकाकूंनी त्यांच्याकडचा तीर्थप्रसाद घेणं बंद केलं. बाईंना ते महिन्याभरानं कळलं. "अरे वा, प्रसाद वाचला," म्हणाल्या. शिवाय मला अहोजाहो करत. "शेवंताबाई, तुम्ही" असं. पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतायत.

दिसायला काही विशेष नव्हत्या. उंच, हडकुळ्या, एक डोळा किंचित बारीक. चालताना पुढे वाकलेल्या, वाऱ्याविरुद्ध चालल्यासारख्या. जेवायच्या उभ्यानं, ओट्याशी. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. खोड एकच, पण ती जीव खायची. काहीही बोललं की विचारायच्या, "कशापेक्षा?"

"बाई, आज मोप उकडतंय."

"कशापेक्षा?"

"काल नव्हतं एवढं."

"काल तुम्ही सावलीत होतात. आज चुलीपाशी आहात."

"मग काय करू? चूल सावलीत नेऊ?"

यावर मात्र हसायच्या. हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

त्या वेळी त्यांचं एक काम चाललं होतं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं एक समिती केली होती आणि बाळंतपणात बाया का मरतात, याचा हिशेब बाईंना करायला सांगितला होता. ज्या घरचा पुरुष मुंबईला, त्या घरच्या बाया जास्त मरतात, एवढं सगळ्यांना दिसत होतं. समितीतल्या लोकांना वाटे, गरिबी आहे, दुसरं काय. बाईंना ते पटत नव्हतं. मुंबईहून पैसे येतातच की, त्या म्हणत. पुरुष घरात नसणं हे एका टोकाला, बाई मरणं हे दुसऱ्या टोकाला. यांच्या मधे काहीतरी आहे, त्यातून मरण येतं. त्याला त्या "मधलं" म्हणायच्या. "मधलं सापडलं तर तिथं हात घालता येईल, शेवंताबाई. पुरुषांना मुंबईहून परत आणणं आपल्याच्यानं व्हायचं नाही."

त्यांच्या मनात मधलं काय ते ठरलेलं होतं. बाई अडली की दवाखान्यात न्यायचं की नाही, हे त्या घरात कोण ठरवतं? नवरा, सासू की दीर? तीनच प्रकार. आमच्याकडं तशीच रीत होती. सुईण हात टेकून उठली तरी बाईला घराबाहेर काढायला कोणाचा तरी शब्द लागायचा. आणि दवाखान्यात नेली तरी कापायच्या आधी घरच्या माणसाची सही लागायची. नवरा मुंबईला असला की तार करा, फोन लावा, त्याच्या चाळीखालच्या दुकानात निरोप ठेवा. तोवर इथं बाईचं जे व्हायचं ते होई.

गावांची निवड त्यांनी चिठ्ठ्या टाकून केली. जवळची, सोयीची गावं घेतली नाहीत. एस.टी. जिथं संपते त्याच्या पुढं चालत जायचं, असली गावं निघाली. बाया शहरातल्या बाईशी मोकळ्या बोलत नाहीत म्हणून मला बरोबर नेत. एका वाडीत एक म्हातारी भेटली. तिची थोरली सून मेली होती. बाईंनी विचारलं, "दवाखान्यात का नेलं नाहीत?"

म्हातारी माझ्याकडं बघून बोलली, "हिला सांग गो. मी बोल्ले न्या. मला बारा बाळंतपणांचं रक्त ठावं हाय. हे रगत तसलं नव्हतं. पण माझा शब्द कोण ऐकतो? धाकटा बोल्ला, दादाची बायको हाय, दादा आल्यावर मला विचारील, कोणाच्या हुकमानं नेलीस? मी काय सांगू?"

"मग?"

"मग काय मग. दादा आला. तेराव्याला."

धाकटा पडवीतच बसला होता, बिडी न पेटवता तोंडात धरून. वाईट माणूस नव्हता तो. भावजयीच्या अंगाला हात लावायचा तर भावाचा शब्द हवा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. परत येताना कातळावरून चालताना बाई एवढंच बोलल्या, "सासवा बऱ्या निघतायत. मला वाटलं होतं उलट निघेल."

घरी आल्यावर त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. ओसरीवर सतरंजी टाकून पितळेच्या तीन मोठ्या वाट्या मांडायच्या. एक नवऱ्याची, एक सासूची, एक दिराची. अडलेल्या प्रत्येक बाईची एक चिठ्ठी. मेलेली असली तर चिठ्ठीवर काळा ठिपका, जगली तर कोरी. आधी ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या वाटीत टाकून दिराच्या वाटीतले ठिपके मोजले. मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि पुन्हा तीन वाट्यांत वाटल्या, ज्या वाटीत आधी जितक्या होत्या तितक्याच. पुन्हा ठिपके मोजले. पुन्हा पिसल्या. हे रोज कॉलेजातून आल्यावर, महिना-महिना.

मी विचारलं, "हे कशाला करता?"

"कोण ठरवतं याचा मरण्याशी काही संबंध नसता, तर ठिपके कुठंही पडले असते. नुसतं पिसल्यानंसुद्धा दिराच्या वाटीत खऱ्याइतके ठिपके किती वेळा येतात, ते बघत्ये. शंभरात पाच वेळांहून कमी आले तर म्हणायचं, हा योगायोग नव्हे. जास्त आले तर गप्प बसायचं."

"आणि डोळ्यांनी बघितलं ते?"

"डोळे हवं ते बघतात."

त्यात आणखी एक पेच होता. पुरुष मुंबईला असला म्हणजे ठरवणं दिराकडं जातं, हा एक दुवा. दिराकडं गेलं म्हणजे बाई मरते, हा दुसरा. दोन्ही मिळून जी वाट होते ती सगळी खरी ठरली पाहिजे, एकच दुवा पक्का असून भागत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यासाठी वेगळं पिसणं, वेगळं मोजणं. कागदावरची सूत्रं होती, पण ती ढीगभर चिठ्ठ्यांना चालतात, मूठभर चिठ्ठ्यांना नाही. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं डोकं चालायला शिकलं तेवढ्यावर जे बसलं ते लिहिते.

आळीत बोभाटा झाला की बाई पत्ते खेळतात. जोशीकाकूंनी मला विहिरीवर गाठलं. "काय गो शेवंते, तुझी बाई एकटीच जुगार खेळते म्हणे?"

"खेळतात."

"एकटी कशी खेळेल? कोणाबरोबर?"

"मेलेल्या बायकांबरोबर," मी म्हटलं. काकूंनी घागर अर्धीच भरली आणि गेल्या.

अडचण अशी झाली की दिराच्या वाटीत चिठ्ठ्या थोड्या होत्या. ठिपके त्या मानानं भरपूर, पण चिठ्ठ्याच थोड्या. पिसून पिसून बघितलं की कधीमधी नशिबानंही तेवढे ठिपके तिथं यायचे. शंभरात पाचापेक्षा थोड्या जास्त वेळा. थोड्याच, पण जास्त. बाई म्हणाल्या, अजून चिठ्ठ्या हव्यात.

मी सरळ विचारलं, "म्हणजे अजून बाया मरायला हव्यात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मेलेल्या आहेत त्या. आपल्याला सापडायच्या आहेत."

मग आम्ही उरलेली गावं केली. शिमग्यापर्यंतच करायची, असं त्यांनी कामाच्या सुरुवातीलाच समितीला लिहून दिलं होतं. शिमग्यानंतरचं काही धरायचं नाही. पाय सुजले, खोकला लागला, तरी फिरल्या. एका गावात ताप अंगात असताना देवळाच्या पायरीवर बसून बायांशी बोलल्या. सापडल्या काही. पण त्यातल्या बऱ्याचजणींच्या घरी सासूच होती. दिराची वाटी काही भरेना.

शिमगा झाला. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून परत देवळात गेली, आणि त्याच आठवड्यात माझी भाची सुमन मेली.

सुमन माझ्या बहिणीची धाकटी. आम्ही फिरलो त्यातल्याच एका गावात दिलेली. नवरा मुंबईला हॉटेलात. सासू आधीच वारलेली. सकाळी कळा लागल्या, दुपारी मूल आडवं असल्याचं सुईणीनं सांगितलं. शिमग्याला आलेल्या कोणाची तरी जीप दारात उभी होती. ड्रायव्हर चालायला तयार होता. दीर पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंककॉल लावून बसला. तिकडं दुकान बंद. तो तिथून हलेना, आणि त्याच्या शब्दाशिवाय सुमनला कोणी उचलेना. उन्हं उतरली तेव्हा ती गेली होती. मूल आतच. बहिणीनं सांगितलं, जीप शेवटपर्यंत दारात होती. पोरं तिच्यावर चढून खेळत होती.

मी तिसऱ्या दिवशी रत्नागिरीला आले. बाई ओसरीवरच होत्या. मी खोचलेला पदरही न सोडता समोर बसले आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदा विचारलं, "सासू?" मी म्हटलं, "नाय."

मी म्हटलं, "चिठ्ठी करा."

"नाही."

"त्याच गावातली हाय. दिरानंच अडवली. तुम्हाला हवी तशीच हाय."

"शिमग्यानंतरची आहे."

"पालखी आत गेली आणि ही मेली. एवढंच काय ते अंतर."

"शेवंताबाई, ही घातली की हिशेब माझ्या बाजूला येतो. मला माहीत आहे. आणि ते माहीत झाल्यावर मी ती घातली, तर ती सुमन म्हणून नाही घातली, मला हवं ते उत्तर यावं म्हणून घातली. असं एक-एक घालत, मोजत गेलं, तर कुठलीही गोष्ट खरी ठरते."

"मग ती फुकट मेली?"

दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती. बाई म्हणाल्या, "हो. सगळ्याच फुकट मेल्यात."

मी उठले आणि चूल न पेटवताच घरी गेले. आठवडाभर गेले नाही. बाईंनी बोलावणं धाडलं नाही, माफी मागितली नाही. एक दिवस माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला स्वयंपाक येत नाही." मी गेले. पोट मलाही होतं. पण राग गेला नाही. आज लिहिताना बघते, थोडा अजून आहे.

समितीची बैठक झाली त्या दिवशी बाईंची पिशवी घेऊन मीही गेले होते. दाराबाहेरच्या बाकावर बसवलं मला. पंख्यासाठी दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. समितीत एक डॉक्टर होते, वयानं मोठे, बोलायला गोड.

"पेठेबाई, एवढे प्रकार कशाला ठेवलेत? नवऱ्याला एक, सासूला दोन, दिराला तीन असे आकडे द्या, सरासरी काढा. सुटसुटीत."

"डॉक्टर, मग एक नवरा आणि एक दीर यांची सरासरी सासू येते. चालेल?"

बाकीचे हसले. डॉक्टरही हसले. पण सोडलं नाही. "बरं, मग दीर आणि सासू एकत्र करा. घरातली वडीलधारी माणसं. चिठ्ठ्या वाढतील, तुमची अडचण मिटेल."

"करून बघितलंय. एकत्र केलं की ठरतं."

"मग झालं की!"

"नाही झालं." बाईंचा आवाज चढला नाही, पण शब्द तुटून यायला लागले. "सासवांच्या वाटीत मरण कमी आहे. दिराच्या वाटीत फार आहे. दोन्ही एकात ओतलं की सरासरीचं काहीतरी दिसतं, आणि माणसं पुष्कळ झाली म्हणून ते पक्कं ठरतं. पण ते कोणाबद्दलच खरं नसतं. दिराचं खापर सासूवर फुटतं."

"मग वेगळं ठेवून तुमचं काय ठरतंय?"

"ठरत नाही. मला वाटतं ते खरं आहे. पण ते दाखवता येत नाही. मी तसंच लिहिलंय."

"मग समितीनं काय करायचं?"

"मुंबईच्या शब्दासाठी गाडी थांबवू नये. आणि घरातल्या कुठल्याही बाईची सही दवाखान्यानं चालवून घ्यावी. तेवढं तरी करा. त्यानं नुकसान कोणाचं होणार आहे?"

"पण बाई," डॉक्टर आणखी गोड झाले, "तुम्हीच म्हणताय, ठरलेलं नाही. मग कशाच्या आधारावर?"

बाईंनी बाहेर येऊन कागद माझ्याजवळच्या पिशवीत भरले.

अहवाल गेला तो एकत्र केलेला. बाईंनी त्यावर सही केली नाही, म्हणून त्यांचं नाव काढलं. दोनेक महिन्यांनी एस.टी. स्टँडच्या भिंतीवर रंगवून आलं: सासूबाई, सुनेला वेळेवर दवाखान्यात न्या. खाली हसऱ्या म्हातारीचं चित्र. ज्या म्हाताऱ्यांसाठी लिहिलं त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. एकीनं मलाच विचारलं, "काय गो लिवलाय? माझ्यासारखीच दिसते ही." मी म्हटलं, "तुला शिव्या घातल्यात." ती म्हणाली, "असू दे, घरात पण घालतात."

बाई त्यानंतर पिसायच्या बंद झाल्या. संध्याकाळी ओसरीवर नुसत्या बसायच्या. खोकला वाढला. मी मागं लागून त्यांना एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांकडं नेलं, ते इतर दुखण्यांनाही औषध देत. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही.

आम्ही नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर जयगडच्या बाजूची एक पोरगी आडवी पडली होती, वनिता तिचं नाव. दिवस भरलेले. ओठ पांढरे. पातळ भिजलेलं होतं ते पाण्यानं नव्हे. सोबत तिचा दीर, मिसरूड फुटलेला, हातातली टोपी पिळत उभा. नर्स कागद घेऊन आली. "घरचं कोण? सही करा. आत घ्यायचंय, वेळ नाही."

"दादाला फोन लावलाय," तो म्हणाला. "दादा बोलला की करतो."

"अरे, मरेल ती!"

"मी कशी करू बाय? दादा मारील मला."

नर्स आत गेली, बाहेर आली. पोराचं तेच. पोरगी डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. मी बाईंकडं बघितलं. त्या उठल्या होत्या. नर्सच्या हातातून कागद घेतला, लेखणी घेतली आणि भिंतीवर टेकवून सही केली.

"नातं काय लिहू?" नर्सनं विचारलं.

"बहीण."

दीर म्हणाला, "ही कोण? मी वळखत नाय हिला!"

"लांबची आहे," बाई म्हणाल्या. ज्या बाईनं माझ्या भाचीची चिठ्ठी घातली नाही, तिनं भरदिवसा, दवाखान्याच्या कागदावर, खोटं लिहिलं. नर्सला सगळं कळलं होतं. ती पोरीला आत घेऊन गेली.

वनिता जगली. मूल गेलं आणि पिशवी काढावी लागली. आणखी तासभर थांबले असते तर तीही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

नवरा मुंबईहून आला तो आधी दवाखान्यात आणि मग आमच्या दारात. आळी गोळा झाली. "माझ्या बायकोला कापायला सांगणारी तू कोण? कोण तू तिची?"

बाई दारात उभ्या होत्या. "कोणी नाही."

"वांझ केलीस तिला! आता ती काय कामाची माझ्या?"

"जिवंत आहे ती."

"मी काय तिला देव्हाऱ्यात बसवू?" तो खाली थुंकला आणि गेला. वनिताला त्यानं परस्पर तिच्या माहेरी आवशीकडं सोडलं, मालगुंडच्या पुढं एका वाडीत, आणि वर्षाच्या आत दुसरी केली. मुंबईला परत जाण्याआधी कॉलेजात अर्ज मात्र देऊन गेला. चौकशी बसली. प्राचार्य भला माणूस होता. त्यानं बाईंना घरी येऊन सांगितलं, नर्सनं भलतंच ऐकलं असं लिहा, मिटवून टाकू. बाईंनी लिहिलं, मी खोटं नातं सांगितलं, नर्सची चूक नाही. नोकरी गेली. इंदूरला एक चुलत बहीण होती, तिच्याकडं जायचं ठरलं. मला त्यांनी भांडी दिली, पितळेची सगळी. वाट्यांना मी हात लावला नाही, त्या भंगारात गेल्या.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "वनिताकडं जाऊन येऊ."

मी म्हटलं, "कशाला? ती काय आरती ओवाळणार हाय?"

"कशी आहे ते बघू."

दुपारच्या गाडीनं गेलो. वाडी कातळाच्या कडेला होती. वनिता दारापुढच्या खळ्यात बसून कुळीथ पाखडत होती. बरी दिसत होती, अंग भरलं होतं. तिची आवस दारातूनच म्हणाली, "कशाला आलाव?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

बाई खळ्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या. "मी पेठे. त्या दिवशी सही केली ती मी."

"ठावं हाय." सूप थांबलं नाही.

"वेळ नव्हता. तुमचा दीर करेना."

"ठावं हाय. मी ऐकत होते."

"ऐकत होतात?"

"बाकावर होते ना? शुद्धीत होते. तो बोल्ला ते ऐकलं, नर्स बोल्ली ते ऐकलं. तुमी लांबची बहीण बोल्लात, ते पण ऐकलं." आता तिनं सूप मांडीवर ठेवलं. "बाय, मी तुमच्यापासून दोन हातावर होते. मला का नाय विचारलंत?"

बाईंनी हळू विचारलं, "विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"हो बोल्ले असते! जगायचं कोणाला नको असतं? ओरडून हो बोल्ले असते. मग घोव आला तर त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, मी सांगितलं कापायला. मारलं असतंन तर माझ्या बोलण्याबद्दल मारलं असतंन." ती रागानं बोलत नव्हती. "आता लोक विचारतात, काय झालं, तर मी काय सांगू? घोवाला विचारायचं होतं, दिराचा फोन लागला नाय, कोण एक बाय आली नि सही करून गेली. माझं त्यात कायच नाय."

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. टरफलं उडून बाईंच्या पातळावर बसत होती. बाईंनी ती झटकली नाहीत.

मी म्हटलं, "बाई, गाडी जाईल." ऐकलं की नाही कोण जाणे. पुन्हा म्हटलं. त्या तशाच उभ्या, हात लोंबते सोडून. बसा कोणी म्हणत नव्हतं आणि त्या निघतही नव्हत्या. मला संध्याकाळी दुसऱ्या एका घरी कामाला जायचं होतं, तिथली मालकीण नवीन होती. मी दगडी गडग्याबाहेर पडले. वळणावर मागं बघितलं तेव्हा वनिता आत गेली होती. खळ्यात सूप पडलं होतं, आणि उन्हात बाई तिथंच, बंद दाराकडं तोंड करून उभ्या होत्या.

गाडी आली. मी चढले.